बारा डब्यांतला सिनेमा

मित्रांनो, तुम्ही सिनेमा मोबाईलवर पाहता, म्हणून आधी हे सांगायला हवं की पूर्वी सिनेमाला अंग होतं. त्याला वजन होतं, वास होता आणि त्याला दुखायचंही. मी तसाच एक जुना, अंग असलेला सिनेमा आहे. बारा पत्र्याच्या डब्यांत बारा रिळं, आणि त्या सगळ्यांत मिळून माझा एकच जीव. गेली तेहतीस वर्षं मी मंगरूळपीरच्या एका मागच्या खोलीत बंद होतो.

माझा जन्म अमेरिकेत झाला. माझ्यात एका लढाईची आणि एका प्रेमाची गोष्ट आहे. नदीकाठच्या गावातली गिरणीवाल्याची मुलगी आणि तिच्या गावाला वेढा घालून बसलेल्या सैन्यातला एक अधिकारी. तोफा, घोडे, जळणारा पूल आणि शेवटी धुक्यातला निरोप. मोठ्या शहरांतल्या थिएटरांत लोक मला पाहायला कोट घालून यायचे.

मग मी जुना झालो, अंगावर चरे पडले आणि फिरत फिरत अमरावतीच्या एका गोदामात येऊन पडलो. तिथून मी मंगरूळपीरला आलो तो निव्वळ चुकीने.

तिथला जगदेव हा तंबूतला सिनेमा दाखवणारा माणूस. पोहरादेवीच्या यात्रेसाठी त्याने मारामारीचा हिंदी सिनेमा मागवला होता. पेटी बदलली आणि मी आलो. तंबू माणसांनी खच्चून भरला होता. पडद्यावर गोरी माणसं इंग्रजीत बोलू लागली, तसा गलका सुरू झाला.

"अबे, काय बोलून राह्यले हे? काईच समजून नाई राह्यलं!"

जगदेवला घाम फुटला. तेव्हा त्याची बायको गोमतीबाई उठली. बाविशीची असेल. तिने कर्णा हातात घेतला आणि पडद्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. इंग्रजी तिलाही येत नव्हतं. पण चेहरे वाचता येत होते.

"आयका!" ती म्हणाली. "हे गिरनीवाल्याची पोरगी. अन् हा जो घोड्यावर हाये ना, हा तिकडच्या फौजेतला. इच्या बापानं याले पाह्यलं तं दोघाईले जित्तं नाई ठेवनार!"

तंबू शांत झाला. चुंबनाचं दृश्य आलं, तसा जगदेवने प्रोजेक्टरच्या भिंगापुढे हात धरला आणि गोमतीबाई अंधारातून म्हणाली, "आता थे दोघं सुखदुःख बोलून राह्यले." लोक पोट धरून हसले. आणि शेवटी पूल जळाला तेव्हा पुढे बसलेल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. माझ्या स्वतःच्या भाषेत मी कुणाला इतकं रडवलं असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर गावोगावचे लोक मलाच मागू लागले. "गोमतीबाईचा सिनेमा आना," म्हणायचे. अनसिंग, मानोरा, कारंजा, किती ठिकाणी गेलो! मला परत न्यायला कुणी आलंच नाही.

पुढे घरोघरी टीव्ही आले. तंबूत माणूस येईना. जगदेवने प्रोजेक्टर विकला, पण मला विकलं नाही. त्याने एकेक रीळ मऊ कापडाने पुसलं, डब्यात ठेवलं आणि झाकणाभोवती चिकटपट्टीचे चार-चार वेढे घातले. "धूळ नाई जाव, पानी नाई जाव," तो पुटपुटत होता. माझ्यावर त्याचा फार जीव होता. त्या जीवापोटीच त्याने मला कोंडलं.

मित्रांनो, माझ्या जातीच्या फितीतून जुनेपणी एक आंबट वाफ निघते. हवा लागली तर ती उडून जाते. डबा बंद असला की ती आतच फिरते आणि फीत कुजवत राहते. हे जगदेवला कोण सांगणार? मी अंधारात वेढ्याला वेढा चिकटून पडलो होतो. माझाच श्वास मला जाळत होता. गिरणीवाल्याच्या मुलीचा चेहरा माझ्या पोटात वितळत होता आणि मला हाक मारता येत नव्हती. जगदेव जाईपर्यंत रोज पेटीवरून हात फिरवायचा. झाकण मात्र त्याने कधी उघडलं नाही.

जगदेवनंतर त्या खोलीत गोमतीबाईंची खाट आली. त्या आता सत्तरी ओलांडलेल्या. मुलगा हरीओम बियाण्यांच्या दुकानात जातो, सून पौर्णिमा अंगणवाडीत. मागच्या वर्षी एका दुपारी गोमतीबाई कुणाला न सांगता बाहेर पडल्या आणि संध्याकाळी दुसऱ्या गावच्या बसस्टँडवर सापडल्या. हरीओम वेड्यासारखा गावभर फिरला होता. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर जाताना बाहेरून कडी लावून कुलूप घालू लागला.

"माय, तुले काई झालं तं मी काय करू?" तो दाराबाहेरून म्हणायचा. "पानी भरून ठेवलं हाये. पंखा चालू हाये."

मग आम्ही दोघं. त्या खाटेवर, मी खाटेखाली. त्या खिडकीच्या गजांतून दिसणारा रस्ता पाहायच्या. जेवण तसंच राहू लागलं. बोलणं कमी झालं.

या उन्हाळ्यात माझ्या एका डब्याची चिकटपट्टी वाळून सुटली आणि वास खोलीभर पसरला. गोमतीबाईंनी वाकून पेटी ओढली. उलथण्याच्या टोकाने गंजलेलं झाकण उचकटलं. तेहतीस वर्षांनी मला उजेड दिसला आणि उजेडात त्यांचा चेहरा. त्या डब्यात माझा चिकट गोळा झाला होता. त्या कितीतरी वेळ मला मांडीवर घेऊन बसल्या.

संध्याकाळी हरीओमने कुलूप काढलं.

"माय, कायचा वास येऊन राह्यला हा?"

"तुह्या बापाचा सिनेमा हाये. सडला."

हरीओमने रीळ हातात घेतलं. त्याचा तुकडा पडला. "बाबानं तं किती जपून ठेवला होता!"

"जपला म्हनूनच सडला रे. हवाच नाई भेटली त्याले." त्यांनी झाकण बाजूला ठेवलं. "हरी, मी काई भ्रमिष्ट नाई झाली. पोहरादेवीले गेली होती त्या दिवशी. आपला तंबू लागे थे जागा पाहाले. येता येता यष्टी चुकली."

"मंग सांगून काहून नाई गेली?"

"सांगतलं असतं तं जाऊ देतलं असतं काय?"

हरीओम बराच वेळ माझ्याजवळ उकिडवा बसून राहिला. मग त्याने एकेक करून बाकीचे डबे उघडले. बारांपैकी आठ रिळं गेली होती. चार वाचली. ती पौर्णिमाने सावलीत, सुपात मोकळी करून ठेवली.

त्या सोमवारी गोमतीबाईंनी नवं लुगडं नेसलं आणि पायात चप्पल घातली.

"पोहराले चालली. पाचच्या यष्टीनं येतो."

"मी येऊ संगं?"

"दुकान कोन पाहील?"

हरीओमने त्यांच्या पिशवीत मोबाईल ठेवला. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत तो दारात उभा होता. त्याचा हात एकदा कडीकडे गेला. मग त्याने तो खिशात घातला.

मित्रांनो, माझा पूल आता जळत नाही. ते रीळ गेलं. जे उरलंय त्याला रोज थोडी हवा मिळते, आणि मला तेवढं पुरे आहे. तुमच्याही घरात कुणीतरी, काहीतरी फार जपून ठेवलेलं असेल. त्याचं झाकण आज उघडा. आंबट वास आला तर नाक धरू नका. थोडा वेळ जवळ बसा.