बापाची सही

आईचा फोन कापून वर 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज पाठवायचा, ही माझ्या मुलाची रीत. आठवडाभर हेच चाललं होतं. शेवटी मी वल्लरीला घेतलं आणि हार्बरफ्रंटला अनिमेषच्या ऑफिसखालच्या कॅफेत जाऊन बसले. तिला म्हटलं, "लिही त्याला, आई खाली बसलीय, उठणार नाही."

वल्लरी माझी नात, इथे परदेशात समुद्रातल्या शेवाळावर पीएचडी करते. विद्यापीठाचा स्टायपेंड चार वर्षांचा, तो संपला. काम राहिलं, कारण टाक्यांतलं शेवाळ मेलं आणि पुन्हा वाढवावं लागलं. शेवाळाला काय ठाऊक पैसे कधी संपतात! आता फी भरली नाही तर नाव कापणार, इथे राहायचा पास रद्द, आणि पोरगी रिकाम्या हाताने पुण्याला परत. तिने अर्ज तरी किती केले! कुणी म्हणे फक्त इथल्या नागरिकांना देतो, कुणी म्हणे फक्त पहिल्या वर्षाला. रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडते. मला काय ऐकू येत नाही?

राहिला होता शिष्यवृत्ती देणारा पुण्याचा एक ट्रस्ट. पण तो बापाचा पगार बघतो, आणि अनिमेष शिपिंग कंपनीत मॅनेजर. तो माझ्या सुनेला, स्मिताला, सोडून दुसरीकडे राहायला गेला, तेव्हापासून घरात एक डॉलर आला नाही. स्मिता बालवाडीत शिकवते, तो पगार भाड्यातच जातो. लोकांना मी सांगत आले, अनिमेष कामासाठी पार दुसऱ्या टोकाला, तुआसला राहतो. घरातलं दारात मांडायची मला सवय नाही.

ट्रस्टचा इथला माणूस शैलेंद्र. तो म्हणाला, वडील खर्च करत नाहीत असं वडिलांनी लिहून द्यावं, नाहीतर त्यांच्या घरच्या कुणी मोठ्या माणसाने. तेही आज संध्याकाळच्या आत.

अनिमेष खाली आला. गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा, अंगाला अत्तराचा वास. आल्याआल्या त्याने स्वतःसाठी कॉफी सांगितली. "आई, कॉफी घेशील?"

"घरी येऊन कधी पाणी मागितलं नाहीस, आणि इथे कॉफी पाजतोस?"

वल्लरीने ट्रस्टचा कागद पुढे केला. वाचून तो लालबुंद झाला. "हे मी लिहून देऊ? मुलीला काही देत नाही म्हणून?"

"खोटं आहे का?"

"तसं नाही गं. शैलेंद्र आमच्या मंडळात आहे. मी गणपतीचा खजिनदार. लोक काय म्हणतील?"

"मग फी भर."

"आत्ता नाही जमणार. कॉन्डोतल्या फ्लॅटचा हप्ता असतो."

"बाबा, एवढी एक सही करा," वल्लरी म्हणाली. "पुन्हा कधी काही मागणार नाही."

त्याने पाकीट काढलं. मला वाटलं, विरघळला. त्याने पन्नासची नोट टेबलावर सरकवली. "उन्हात नको जाऊस बेटा. टॅक्सी कर."

पोरगी त्या नोटेकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "वल्लू, शैलेंद्रला फोन लाव. मोठ्या आवाजावर ठेव."

"आई, काय करतेयस?" अनिमेष कुजबुजला.

"शैलेंद्र, मी अनिमेषची आई. ते तुआसबिआस मी खोटं सांगत होते. माझा मुलगा बायकोपोरीला टाकून गेलाय. पोरीला दमडी देत नाही. हे लिहून ठेव आणि खाली माझं नाव घाल."

बाजूच्या टेबलावरची दोन माणसं वळून बघायला लागली. मराठी असावीत. असू देत.

शैलेंद्रने माझं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं. मग म्हणाला, "काकू, सहाच्या आत सहीला या. मिळेलच असं मात्र सांगत नाही हं."

"येते."

अनिमेषने तोंड हातांत झाकलं. "काय केलंस हे! कुठे तोंड दाखवू मी?"

मी उठले, पदर सारखा केला. "अनिमेष, आजवर तुझी लाज मी झाकली, म्हणून तुला वाटलं तुला अब्रू आहे. ज्याला पोटच्या पोरीची फी जड होते, त्याच्या हातात देवाची पेटी शोभत नाही. आजच्या आज सोड ते खजिनदारपण. आणि ही नोट उचल. तुझ्या कॉफीचे दे."