आवक-जावक

संघप्रिया मैदानावरून घरी आली की दिपक आपल्या या लेकीला एकच प्रश्न विचारायचा, "किती?"

तिने दाराबाहेर बूट काढायच्या आतच तो प्रश्न येऊन उभा राहायचा. गणिताचा पेपर असो, पाठांतराची स्पर्धा असो की फुटबॉलचा सामना, दिपकला आकडा लागायचा. त्याचं काही जगावेगळं होतं असं नाही. तुमच्या-आमच्या घरी तरी वेगळं काय चालतं? मूल परीक्षा देऊन आलं की 'पेपर कसा गेला' हे आपण नावापुरतं विचारतो. खरा प्रश्न 'किती पडतील' हाच असतो.

त्या सोमवारीही त्याने विचारलं, "किती?"

"आम्ही जिंकलो, पप्पा. दोन-शून्य."

"ते झालं. तुझे किती?"

संघप्रिया मोजे झटकत राहिली. "माझे नाहीत. दोन्ही ऋतुजाचे. पण दुसऱ्याच्या वेळी बॉल मीच तिला..."

"म्हणजे शून्य."

"अहो, पोरगी उन्हातनं आलीय. पाणी तरी पिऊ द्या की," आतून तिची आई मनकर्णा म्हणाली. ती मोडनिंबची. बोलायला लागली की कुणाची भीड ठेवायची नाही. "हापिसातला शिक्का हितं घरात नका मारू."

पण दिपकचं मन त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. दुपारीच त्याच्या सरकारी कार्यालयात एका मोठ्या मोहिमेच्या यशाबद्दल सत्कार झाला होता. साहेबांना फेटा, शाल, सोलापुरी चादर. योजना विभागाच्या तिघांना शाल. दिपक आवक-जावक विभागात होता. आलेलं टपाल घ्यायचं, त्यावर शिक्का मारायचा, कुठल्या टेबलाचं काम ते ओळखून तिकडे पाठवायचं. सत्कारात त्याचं नाव निघालं नाही आणि निघेल असं कुणाला वाटलंही नव्हतं. चहा पिताना शेजारचा मडिवाळप्पा हसत म्हणाला, "दिपकराव, तुमचं बरं आहे. आलं की ढकललं. डोक्याला ताप नाही." दिपकही हसला होता, पण आतून तो खट्टू झाला होता. आपल्या लेकीवर तरी ही वेळ येऊ नये, तिचं नाव माईकवरून पुकारलं जावं, एवढंच त्याला वाटत होतं.

म्हणून तो म्हणाला, "हे बघ, पुढच्या वर्षी दहावी. गुरुवारच्या सामन्यात गोल मारलास तर रविवारी जिल्हा संघाच्या निवडीला जा. नाहीतर बूट माळ्यावर आणि गणिताचा क्लास सुरू."

संघप्रियाने वाद घातला नाही. पाणी पिऊन तिने बूट उचलले आणि आत नेले.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा त्याने विचारण्याआधीच म्हणाली, "एक."

दिपक खुर्चीतून उठला. "मारलास?"

"हो," एवढंच बोलून ती आत गेली आणि जेवायलाही बाहेर आली नाही. दमली असेल, असं दिपकला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन मैदानावर गेला.

मुलींचे प्रशिक्षक बिरुदेव सर एका गुडघ्याला पट्टा बांधून गोलपोस्टची जाळी बसवत होते. सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा हा मुलगा बारा वर्षं देशभर व्यावसायिक फुटबॉल खेळून परत आला होता. गोवा, कोलकाता, कोझिकोड, लुधियाना, बंगळूर. कुठल्या कुठल्या क्लबांकडून खेळला हे सांगताना त्याचाच क्रम चुकायचा.

"सर, पेढे घ्या," दिपक म्हणाला.

"कशाचे?"

"कशाचे म्हणजे? संघप्रियाच्या गोलचे."

बिरुदेव सरांनी पेढा घेतला नाही. "आमी हरलो की, साहेब. चार-एक."

दिपकने पुडा मिटला.

"पोरगी मधी खेळती," सर म्हणाले. "काल मधली जागा सोडून पुढंच जाऊन थांबली. बॉल मिळाला की एकटीच पळायची. ऋतुजा मोकळी उभी ऱ्हाऊन हाका मारत हुती, तिच्याकडं बघितलं न्हाय. मधी भगदाड पडलं. समोरच्या पोरी त्यातनं येत ऱ्हायल्या. आज सरावाला बी आली न्हाय. रविवारी बी येणार न्हाय म्हणती. तुमी काय बोलला का तिला?"

दिपकने सांगून टाकलं. वर जरा चिडूनच म्हणाला, "पण सर, मधे खेळून मिळतं काय? मागून घ्यायचं आणि पुढे द्यायचं. हे तर आमच्या आवक-जावकसारखंच झालं!"

बिरुदेव सर एकदम हसले. "बरोबर बोललात. मी बारा वर्षं आवक-जावकलाच हुतो."

"थट्टा करू नका."

"थट्टा न्हाय. माझे सगळे गोल दोन हातांच्या बोटांवर मावतील. त्यातला एक आमच्याच जाळ्यात मारलेला. गावच्या जत्रेत माझा सत्कार केला, तर निवेदकानं माईकवर विचारलं, किती गोल? मी खरं सांगितलं. त्यानं माईकवर हात ठेवला आन् कानात म्हणाला, मग पगार कशाचा घेतला?"

दिपकला हसू आलं, पण प्रश्नही पडला. "इतके क्लब बदललेत. कुठे टिकू दिलं नाही का?"

"माझ्या बापाला बी तसंच वाटायचं. पण मला हंगामाच्या मधीच फोन यायचा. मागची पोरं पुढच्यांशी बोलंनात, संघाचे दोन तुकडे झाले, की मला बोलवायचे. तुकडे जोडले की माझं काम झालं. पयल्या दिवशी मी एकच शब्द शिकायचो. गोव्यात 'हांगा', बंगालमधी 'एदिके', केरळात 'इविडे', बंगळुरात 'इल्लि'. सगळ्याचा अर्थ एकच, हितं. मी हितं हाय, अडचणीत असशील तर माझ्याकडं दे. मधल्या गड्याचं सगळं काम त्या एका शब्दात हाय, साहेब."

सरांनी जाळीची शेवटची गाठ मारली आणि शांतपणे विचारलं, "हे मैदान पोरींना कसं मिळालं, ठाऊक हाय?"

"तुम्ही खटपट केलीत म्हणून."

"मी नुसता हेलपाटे घालत हुतो. जो तो म्हणायचा, हे आमच्याकडं न्हाय, उद्या या. तुमच्या खिडकीशी आलो तर तुमी काम इचारलं, जिन्यापर्यंत संगं आलात आन् म्हणालात, खाली केराबाई म्हणून हायत त्यांनाच भेटा, दुसरं कुणी करणार न्हाय. आठवड्यात मैदान मिळालं. उद्घाटनाच्या पाटीवर तुमचं नाव न्हाय. पण त्यो पास तुमचा हुता."

दिपकला ते आठवतही नव्हतं. खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला वाट दाखवायची ही त्याची रोजचीच सवय. तिला कुणी नाव दिलं नव्हतं, म्हणून त्यानेही ती कधी मोजली नव्हती. ज्या कामाची त्याला लाज वाटत होती, तेच काम लेक मनापासून करत होती आणि तो तिलाही त्याची लाज वाटायला शिकवत होता!

तो पेढे घेऊनच घरी परतला. संघप्रिया अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो तिच्या उशाशी बसला.

"प्रिया, रविवारी निवडीला जायचं. मधेच खेळायचं."

"गोल नाही झाला तर?"

"नाही झाला तर नाही. क्लास आणि खेळ दोन्ही होईल, आपण वेळ बसवू. चूक माझी होती. ऋतुजाला आजच भेट, हवं तर मी येतो बरोबर."

"पेढे बी न्या," दारातून मनकर्णा म्हणाली. "हरल्याचे पेढे म्हणावं, आमच्याकडं वाटतात."

संघप्रिया रडता रडता हसली.

रविवारी दिपक मैदानाच्या कडेला उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सामन्यात चेंडू सोडून आपली लेक बघितली. चेंडू नसतानाही ती धावत होती. मागची एखादी मुलगी अडकली की ही तिच्या बाजूला जाऊन ओरडायची, "हितं! हितं दे!" चेंडू आला की मान वर करून बघायची आणि मोकळ्या मुलीकडे सोडून द्यायची. एकदा तिने दोघींच्या मधून चेंडू सरकवला, ऋतुजाने गोल केला. लोकांनी ऋतुजासाठी टाळ्या वाजवल्या. दिपकने आधी संघप्रियाकडे पाहून वाजवल्या, मग ऋतुजासाठी. ऋतुजा मात्र गोल करून सरळ संघप्रियाकडेच पळत आली होती.

निवड झाली, पण राखीव खेळाडूंमध्ये. "राखीव चालेल ना, पप्पा?" तिने भीत भीत विचारलं.

"चालेल की. बोलावलं की उभं राहायचं, तुझ्या सरांसारखं."

घरी आल्यावर ती दाराशी बसून बूट सोडू लागली. दिपक खुर्चीतून म्हणाला, "कि..." आणि थांबला. मग जवळ येऊन उंबऱ्यावर बसत त्याने विचारलं, "आज कुणाकुणाला दिलास?"

संघप्रियाने हातातला बूट बाजूला ठेवला. मग सांगू लागली. भाकरी वाढली तरी सांगत होती, शेंगाचटणीचं बोट हवेत नाचवत सांगत होती. कोण अडकली होती, कोण मोकळी होती, कुठला पास हुकला, कुठला नेमका बसला. एवढं बोलणं त्या घरात 'किती' या प्रश्नाच्या उत्तरात कधी आलं नव्हतं.

सोमवारी कार्यालयात मडिवाळप्पाने चहा घेताना विचारलं, "काय दिपकराव, ढकललं का सगळं?"

"ढकलत नाही हो," दिपक म्हणाला, "पास देतो." आणि खिडकीशी कागद हातात धरून घुटमळणाऱ्या एका बाईंना त्याने हाक दिली, "या मावशी, हितं या."

मित्रहो, गोल मोजता येतो, म्हणून आपण तोच मोजतो. पण मोजता येत नाही ते कमी मोलाचं नसतं. आपलं घर, आपली कचेरी, आपलं गाव हे मधल्या माणसांच्या हातांवर चालतं. त्यांना शाल देता आली नाही तरी चालेल, त्यांची ओळख ठेवावी. आणि आज संध्याकाळी आपलं मूल घरी येईल तेव्हा 'किती मिळवलंस' याच्या आधी, 'कुणाला काय दिलंस' एवढं विचारून बघावं.