तिया ऑरिंगच्या घरचे एक्क्याण्णव युनिट

वीज ऑफिसकडून मीटर वाचायला आलेल्या जोव्हिताने काचेवरची धूळ पुसली आणि आकडा पुन्हा वाचला. गेल्या महिन्यात दोनशे चाळीस युनिट. या महिन्यात एक्क्याण्णव.

तसा वापर सगळ्यांचाच घटला होता. बेटावरची वीज डिझेलच्या जनरेटरवर. डिझेल महागलं की फरक थेट बिलात. मागच्या खेपेला बिलं वाटताना जोव्हिताने घरोघर शिव्या खाल्ल्या होत्या. लोकांनी फ्रीज बंद केले, पंखे बंद केले. पण या घरात म्हातारे तासियो आणि त्यांची आजारी बायको ऑरिंग, दोघंच; सगळी गल्ली त्यांना तियो आणि तिया, म्हणजे काका-काकू, म्हणायची. पंखाही नव्हता. होतं ते ऑक्सिजनचं मशीन.

"तियो!"

कुणी ओ दिली नाही. ती फाटक ढकलून आत धावली.

तियो खाटेपाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होते. तिया उशीला टेकलेली, तोंड उघडं, ओठ जांभळट.

"मशीन बंद का?"

"हळू बोल गं पोरी. आत्ता डोळा लागलाय तिचा."

"ही झोप नाही, तियो!"

जोव्हिताने बटण दाबलं. नळी तियाच्या नाकात बसवली.

"दिवसा बंदच ठेवतो," तियो पुटपुटले. "उशीला टेकवून बसवलं की चालतं तिला. तूच म्हणालीस ना, डिझेलचा भाव गिऱ्हाइकानेच सोसायचा, ऑफिस त्यातलं काही उचलत नाही?"

म्हणाली होती. ऑफिसने पढवलेलं वाक्य होतं ते.

"बिल थकलं तर वायर कापाल. मग रात्रीचंही गेलं."

याच गल्लीत मागच्या आठवड्यात ऑफिसने दोन घरांच्या वायरी कापल्या होत्या.

बऱ्याच वेळाने तियाच्या ओठांवर रंग आला. तिने डोळे उघडले. "कोण? बिल आलं का?"

"नाही, तिया. सहजच आले."

त्याच दुपारी जोव्हिता ऑफिसात मॅनेजरपुढे जाऊन बसली आणि कागद हातात पडेपर्यंत उठली नाही. तीन महिने बिल हप्त्यांनी भरायचं, वायर कापायची नाही. पुढचं डिझेल काय भावाने येणार, ते मात्र मॅनेजरलाही ठाऊक नव्हतं.

तियोंनी कागद घडी करून खिशात ठेवला. "लावतो हो मशीन," म्हणाले.

आता ती रोज वाट वाकडी करून त्या कुंपणापाशी थांबते. मशीन चालू असतं. तरी तिचा पाय निघत नाही. आपल्याला लांबून येताना बघूनच तर तियो ते लावत नसतील?