मखरामागचं तेज

सातव्या माळेला मंगळवार पेठेतल्या तेजनाथ महाराजांच्या देवीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकी एकही नाही, उजेड म्हणाल तर एका समईचा, आणि तरी घटातला गहू असा हिरवागार की बायका पदर पसरून रडत होत्या. "सूर्य आभाळात नसतो, भक्ताच्या पोटात असतो," महाराज डोळे मिटून म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. संयोगितानं मान डोलावली नाही.

तिच्या घरचा घट पिवळा पडून लोळला होता. त्यावरून महाराजांनी निवाडा दिला होता, की सुनेचा पाय वाईट. दसऱ्याआधी तिला माहेरी धाडा, परत आणू नका. आणि तिची सासू, आक्का, अकरा वर्षांची सून सोडून सात दिवसांच्या गवतावर विश्वास ठेवून, चारचौघांत तेच बोलत बसली होती.

संयोगिता कळंब्याच्या एका प्रयोगशाळेत बंद खोलीत, दिव्यांखाली केळीची रोपं वाढवायची. कुठल्या फळीवर किती उजेड पडतो ते यंत्रानं मोजणं हे तिचं रोजचं काम. ते यंत्र तिनं घरच्या देवघरात धरलं, आकडा आला तीस. महाराजांच्या घटापाशी धरलं तर वीस. एवढ्या उजेडात गहू पिवळा होतो, उंच पळतो आणि आडवा पडतो. मग इथला हिरवा कसा?

दुपारी बारा ते चार देवी विश्रांती घेते म्हणून खोलीला कुलूप लागायचं. संयोगितानं आक्काला बजावलं, की या चार तासांतच गव्हाला कुठून तरी उजेड मिळतो; मी चुकले तर आपल्या पायानं माहेरी जाईन. मग शेवंतीच्या परडीत यंत्र ठेवून परडी घटाशेजारी सरकवली.

चार वाजता कुलूप निघालं. मधल्या वेळेतला सगळ्यात मोठा आकडा यंत्रानं धरून ठेवला होता. नऊ हजार. तिनं तो सगळ्यांना वाचून दाखवला.

"हेच आमचं तेज," महाराज हसले.

संयोगितानं मखराचं जरीचं कापड वर केलं. आत दिव्यांच्या चार पांढऱ्या पट्ट्या, अजून कोमट. महाराजांना एकाएकी लघुशंकेची आठवण झाली.

"अंधाराला आपला डोळा सरावतो, गहू सरावत न्हाय," ती लोकांना म्हणाली. "म्हणून मोजून बघायचं. दिसलं की हात जोडायचं न्हाईत."

आक्कानं तिचा दंड धरला. "चल घरला."

"येतो की. पण मला वाईट पायाची म्हणालासा ते चारचौघांत. आता हितंच बोला."

आक्कानं तिला दाराकडं ओढलं. संयोगिता जागची हलली नाही. शेवटी आक्का गर्दीकडं वळली.

"आमच्या देवघरात उजीड कमी हाय," ती म्हणाली. "सुनंत काय कमी न्हाय. तुमी बी पिवळ्या गव्हापायी घरात कुणाला बोलला असशिला, तर जावा आनि तिची माफी मागा. मी हितं मागतो."