तळहातावरची नजर

लातूरच्या कॉलेजात मी सॉक्रेटिस शिकवते. तो सत्यासाठी प्रश्न विचारायचा. मला सूड हवा होता. मुरुडच्या अण्णारावनं माझ्या बापाला मठातल्या घंटेचा चोर ठरवलं होतं. तो डाग घेऊनच बाप गेला.

काल भरल्या मठात मी अण्णारावला विचारलं, “काका, चोरी तुम्ही स्वतः पाहिली?”

“हाव, ह्याच डोळ्यांनी.”

“तेव्हा काय करत होतात?”

“इष्टलिंगाची पूजा.”

“पूजेत नजर कुठं असते?”

“तळहातावरल्या लिंगावर.”

“इकडंतिकडं जाते?”

“पन्नास वर्षांत एकदाबी न्हाई!” त्यानं छाती फुगवली.

“मग माझ्या बापाला पाहिलं कुणी?”

मी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले, त्याची मान खाली जाईपर्यंत. आणि ती खाली गेल्यावरही.