फ्लिंक बोर्गहिल्ड

‘फ्लिंक’ या शब्दाची नोंद बोर्गहिल्डच्याच टेबलावर यावी, हा नशिबाचा चावटपणा नाही तर काय! बर्गनच्या त्या शब्दकोश कचेरीत एकतीस वर्षं सगळे तिला हेच म्हणत आले. फ्लिंक, म्हणजे कामाला वाघ.

तिने नोंद लिहायला घेतली. शब्द उत्तर जर्मनीच्या बोलीतून आलेला, तिकडे अर्थ चपळ. नपुंसकलिंगी नामाबरोबर फ्लिंक्ट, अनेकवचनात फ्लिंके, तुलनेत फ्लिंकेरे. डेन्मार्कात फ्लिंक माणूस म्हणजे प्रेमळ माणूस. इथे प्रेमाचा काय संबंध? इथे मान खाली घालून काम उपसायचं.

पण आज तिचं लक्ष लागत नव्हतं. धाकट्या बहिणीचं, सिग्नीचं, सोमवारी पोटाचं ऑपरेशन. बेटावर ती एकटीच. साडेचारची बोट बोर्गहिल्डला गाठायची होती, आणि रजेच्या अर्जावर अजून सही नव्हती.

तीनला साहेब, ओद्वार, अर्ज घेऊन आला. “अगं, तूच लिहिलंयस ना, ‘सोयीचं असेल तर’? सोमवारी पानं छापायला जातायत. खरं सांगू, सोयीचं नाहीये.”

मेली ती सवय! आईने लहानपणीच शिकवलेलं, मागताना समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवावी. इथे सगळेच तसं लिहितात. ओद्वारने ती जागा अलगद वापरली.

“बहिणीचं ऑपरेशन आहे,” एवढं तिच्या ओठांवर आलं होतं.

“तुझ्याशिवाय कुणाला जमणार? तू इतकी फ्लिंक!” तो म्हणाला.

“बरं बरं. काही हरकत नाही,” तिच्या तोंडून निघालं. ओद्वार खूश होऊन गेला. स्वतःच्या जिभेचा तिला भयंकर संताप आला. एकसष्ट वर्षांची बाई, आणि साधं ‘नाही’ म्हणता येऊ नये!

साडेचारला खिडकीतून बोट सुटताना दिसली. तिने सिग्नीला फोन लावला.

“अगं, छापायचं काम निघालंय, तर मी…”

“माहीत होतं मला,” सिग्नी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “शेजारच्या तूरबियर्गला सांगून ठेवलंय कालच.”

“ती? ती काय करणार? तिला धड कॉफी करता येत नाही!”

“नाहीच येत,” सिग्नी म्हणाली. “पण ती येतेय.”