मागचं गेट बंद आहे

हलसूरच्या तळ्यापासून जवळच टँक ग्राउंड नावाचं फुटबॉलचं जुनं मैदान होतं. तिथे सदतीस वर्षं मालोजी राव माइकवर बोलले. गोल कुणी मारला, पिवळं कार्ड कुणाला मिळालं, कुणाची स्कूटर गेटासमोर आडवी लावलेली आहे, हे सगळं ते आधी कन्नडमध्ये सांगायचे, मग तमिळमध्ये आणि शेवटी स्वल्प इंग्रजीत. आसपासच्या चार गल्ल्यांना तो आवाज पाठ होता. नवा भाजीवाला त्यांना चेहऱ्याने ओळखत नव्हता, पण त्यांनी अर्धा किलो बीन्स मागितल्या आणि तो चमकून वर बघत म्हणाला, "अरे, ते तुम्हीच का!"

घरी मात्र त्या आवाजाला काही काम नव्हतं. मालोजींनी लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण मथुराक्का विधवा होऊन परत आली, तेव्हापासून ती, तिची मुलगी हर्षिता आणि ते असं तिघांचं घर होतं. आपलं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलं, असं अक्का सांगायची. खरंखोटं कुणी तपासलं नव्हतं. घरातली मराठी निम्मी कन्नडच झाली होती, तरी भांडायला तीच लागायची. पुढे हर्षिता नोकरीसाठी व्हाइटफील्डला गेली आणि दोन वर्षांपूर्वी अक्काचे गुडघे गेले, तेव्हा तिलाही लिफ्टच्या इमारतीत घेऊन गेली. "मामा, तुम्हीपण चला," असं ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. पण मालोजींच्या मॅचेस होत्या. ते राहिले. मग कधी एखाद्या बुधवारी दूध तापवताना त्यांच्या ध्यानात यायचं, की रविवारच्या मॅचनंतर आपण तोंडच उघडलेलं नाही.

फेब्रुवारीत लीगची फायनल होती. मालोजी सकाळी लवकरच मैदानावर पोचले, तर झाडलोट करणारी यल्लव्वा पूर्वेच्या स्टँडखाली कमरेवर हात ठेवून उभी होती.

ते स्टँड सगळ्यात जुनं. लोखंडी सांगाडा आणि त्यावर लाकडी फळ्यांची बाकं, दोन हजार माणसांची. फळ्यांखालच्या पोकळीत वर्षानुवर्षं नको ते सगळं कोंबलेलं होतं. जुने फ्लेक्स, थर्मोकोल, मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, फाटकी जाळी.

"हे बघा अण्णा," यल्लव्वा म्हणाली. तिने एक फ्लेक्स ओढून काढला. त्याचा कोपरा जळून काळा झाला होता. "गेल्या मॅचचं आहे हे. वरून लोक बिडी टाकतात, ती फटीतून खाली येते. आपोआप विझलं म्हणून वाचलं. मी सेक्रेटरी साहेबांना दोनदा सांगितलं."

मालोजी स्टँडला वळसा घालून मागे गेले. मागच्या जिन्याने उतरलं की समोर तीन नंबरचं गेट होतं, रस्त्यावर उघडणारं. त्याला साखळी गुंडाळून कुलूप घातलेलं होतं. त्यांनी साखळी हाताने ओढून पाहिली.

क्लबचा सेक्रेटरी गुरुप्रसाद तेव्हा चुन्याच्या रेषा मारून घेत होता. मालोजींनी त्याला लहानपणी हाफ पँटमध्ये बॉल उचलून आणताना पाहिलं होतं.

"गुरु, तीन नंबर उघडं ठेव. खाली सगळं जळण भरलंय."

"उघडं ठेवलं तर अर्धी गल्ली तिकिटाशिवाय आत येते, अण्णा. गेल्या वर्षी रेटारेटीत पोरं तुडवली जायची राहिली. ते विसरलात?"

"मग तिथे दोन माणसं उभी कर."

"माणसं कुठून आणू? आजचा दिवस निघू दे. उद्या सगळं साफ करून घेतो, शब्द देतो."

गुरुप्रसाद काही वाईट माणूस नव्हता. मैदान मोडकळीला आलं तरी तो एकटा अर्ज करत, लोकांच्या हातापाया पडत ते चालवत होता. मालोजी "सरी, ठीक आहे" म्हणाले आणि वळले. पण त्यांना चैन पडेना. स्टँडच्या पुढे जाळीचं कुंपण होतं आणि त्यात मैदानात उतरायचं एक फाटक होतं, तेही कायम बंद असायचं. त्यांनी यल्लव्वाला हाक मारली.

"त्या फाटकाचं कुलूप काढून ठेव. नुसती कडी घाल. आणि मॅच संपेपर्यंत तिथून हलू नकोस. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

साडेतीनला मॅच सुरू झाली. मालोजींची केबिन पश्चिमेच्या सिमेंटच्या स्टँडवर होती, पूर्वेच्या बरोब्बर समोर. दुसऱ्या हाफचं बारावं मिनिट चालू होतं. पूर्वेच्या स्टँडवर उजव्या टोकाला त्यांना काहीतरी धुरकट दिसलं. धूळ असेल, असं आधी वाटलं. मग फळ्यांच्या फटीतून करडी रेघ सरळ वर आली, आणि बघता बघता काळी झाली.

तो एक शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. 'आग' म्हटलं की दोन हजार माणसं एकदम उठणार, आणि मग चेंगरून मरायला आगीची गरजच नाही. त्यांनी बटण दाबलं. सामनाभर बोलायचे त्याच संथ आवाजात ते बोलू लागले.

"रेफरी सर, खेळ थांबवा. पूर्वेच्या स्टँडवरच्या मंडळींनी ऐकावं. आपल्याला सगळ्यांना मैदानात उतरायचं आहे. पुढचं फाटक उघडं आहे. यल्लव्वा, फाटक पूर्ण उघड. पहिली ओळ आधी. धावायचं नाही. शेजारी म्हातारं माणूस असेल तर त्याचा हात धरा."

लोक चक्रावले. पण सदतीस वर्षं ज्या आवाजाने खोटा गोल कधी सांगितला नव्हता, त्या आवाजाने सांगितलं म्हणून पहिली ओळ उठली. मागून दुसरी. फाटकाशी यल्लव्वा झाडू आडवा धरून उभी होती. चौघा-चौघांना सोडत होती आणि कुणी घुसलं तर झाडू हाणत होती.

उजव्या टोकाला आता ज्वाळा दिसल्या. कुणीतरी किंचाळलं. आणि वरच्या ओळींतली चाळीस-पन्नास माणसं मागच्या जिन्याकडे धावली. केबिनमधून जिना दिसत नव्हता. त्यांची डोकी एकामागून एक खाली बुडताना तेवढी दिसत होती. त्या जिन्याच्या तळाशी साखळी होती, आणि मागून लोंढा येत होता.

सगळ्यात पुढे गल्लीतला सेल्वा पेंटर होता. तो जिन्यात शिरतानाच त्याचा लाल शर्ट मालोजींनी ओळखला होता.

"सेल्वा!" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "सेल्वा, मागे फिर. मागचं गेट बंद आहे. कुलूप आहे. तिकडे वाट नाही. वर ये आणि तुझ्यामागच्या सगळ्यांना पुढे घेऊन ये. मी बघतोय. वेळ आहे. वाट पुढे आहे."

हेच त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, पुन्हा कन्नडमध्ये, पुन्हा तमिळमध्ये. डोकी थांबली. मग लाल शर्ट उलटा वर आला. हात पसरून तो लोकांना मागे लोटत होता.

सात मिनिटांत स्टँड रिकामं झालं. एका म्हाताऱ्याचा घोटा मोडला, तिघांना धुराचा त्रास झाला. बंब आले तेव्हा निम्मं स्टँड कोसळलं होतं. मैदानात माणसं आपापल्या माणसांना शोधत होती. सापडलं की मिठ्या मारत होती, फोनवर रडत होती. मालोजी वरून पाहत राहिले. त्यांना शोधत कुणी वर आलं नाही, कारण ते कुठे आहेत हे सगळ्यांनाच माहीत होतं. बऱ्याच वेळाने त्यांना कळलं की आपलं बोट अजून बटणावरच आहे.

आठवडाभर कौतुक झालं. हॉटेलवाल्याने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. सेल्वाची बायको केसरीभाताचा डबा देऊन गेली. मग एका दुपारी गुरुप्रसाद घरी आला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आला होता. खुर्चीच्या कडेवर बसला.

"उद्या अग्निशमन दलाच्या मॅडम तुमचा जबाब घेतील," तो म्हणाला. "तीन नंबरची साखळी मी त्याच संध्याकाळी काढली. गेट बंद होतं हे फक्त तुम्ही बोललात. केबिनमधून दिसत नाही ते. घाबरलो, चुकून तोंडातून गेलं, एवढंच सांगा."

"सकाळी मी साखळी ओढून पाहिली होती, गुरु."

"माहितेय. पण असं लिहिलं गेलं की मैदानाची परवानगी गेलीच. माझं काय व्हायचं ते होवो. मैदान पुन्हा उघडणार नाही. तुम्ही काय करणार, अण्णा? जाणार कुठे?"

तो दमदाटी करत नव्हता. त्याचे डोळे भरले होते. मालोजींनी त्याला पाणी दिलं.

रात्रभर त्यांनी काही वेगळा विचार केला असंही नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या क्लबच्या खोलीत संहिता नावाच्या त्या तरुण अधिकारी बाई समोर कागद घेऊन बसल्या. "सर, गेट बंद होतं हे तुम्हाला कसं कळलं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मालोजींनी सकाळपासूनचं सगळं सांगितलं. साखळी, फ्लेक्स, फाटकाचं कुलूप, सगळं. वाचून सही केली.

महिन्याभरात मैदानाला सील लागलं. गुरुप्रसादवर खटला भरला गेला. लीगच्या मॅचेस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथे सगळ्या घोषणा रेकॉर्ड केलेल्या होत्या. हलसूरमध्ये कुणी मालोजींना वाईट बोललं नाही, पण ते हॉटेलात शिरले की बोलणं थांबायचं. संध्याकाळी प्रॅक्टिसला जाणारी माणसं आता रिकामी कट्ट्यावर बसायची आणि ते दिसले की मोबाइलमध्ये बघायची. सेल्वा एकदा समोरून आला, हात जोडले आणि पलीकडच्या फुटपाथवर गेला. कॉफीचे पैसे आता घेतले जात.

अक्काचा फोन आला. "ये की इकडे," ती म्हणाली. "बघतो," ते म्हणाले.

यल्लव्वाचं काम गेलं हे त्यांना दोन महिन्यांनी कळलं. ती एचएसआर लेआउटमधल्या एका मोठ्या बिल्डिंगमध्ये झाडू मारते, असं कुणीतरी सांगितलं. दोन बस बदलून ते तिथे गेले. वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं आणि उन्हात उभं केलं. वीस मिनिटांनी यल्लव्वा आली. अंगावर कंपनीचा निळा कोट होता.

"कशी आहेस?"

"आहे. दोन तास जायला, दोन तास यायला." तिने कोटाला हात पुसले. "का आलात, अण्णा?"

"तुझं काम माझ्यामुळे गेलं."

वॉचमन कान देऊन ऐकत होता.

"तुम्ही खरं सांगितलंत, ते बरोबरच केलंत," ती म्हणाली. "मलाही विचारलं मॅडमनी. मीही खरंच सांगितलं. पण सही करून तुम्ही माझ्या समोरून गेलात. मी फाटकाशी बसले होते. मी तिथे होते ती अकरा वर्षं तुम्ही वरून दोन हजार लोकांना सांगत आलात. खाली उतरून मला एकटीला तेवढं सांगायचं होतं, की आता मैदान बंद होणार. मी दुसरं काम आधीच बघितलं असतं."

तिच्याशी आपण अकरा वर्षांत काय बोललो, ते मालोजींनी आठवून पाहिलं, तर सगळ्या सूचनाच आठवल्या.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"सरी." ती जायला निघाली.

"तुझा नंबर दे," ते घाईने म्हणाले. तिने दिला. त्यांनी तो नीट टिपून घेतला आणि बस पकडली. सिल्क बोर्डच्या चौकात बस पाऊण तास अडकली होती.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी तिला फोन केला. तिकडे बादलीचा आवाज येत होता.

"बोला अण्णा."

काय बोलायचं ते त्यांनी ठरवलंच नव्हतं. "ऊटा आय्ता?" त्यांनी विचारलं.

"झालं जेवण. तुमचं?"

"नाही अजून."

"मग जेवा. माझे अजून सहा मजले राहिलेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मालोजींनी उठून तांदूळ धुतले, एका माणसाचे.